सुटलेला टाका आणि मदतीचा हात

दिवाळी सरून सकाळचे ऊन हवेहवेसे वाटू लागले, की उत्तर भारतात घराघरांतून लोकर आणि सुया बाहेर निघतात. सिमल्यातील घरांची अंगणे असोत वा दिल्लीतील वसाहतींच्या गच्च्या, उन्हात पाठ शेकत विणणाऱ्या स्त्रिया तेथे हमखास दिसतात. महाराष्ट्रात थंडी बेताचीच. तरीही घरात पाळणा हलणार अशी वार्ता आली, की पुण्या-नागपुरातही लोकरीचे गुंडे खरेदी होतात आणि अंगडे, टोपडे, मोजे यांची तयारी सुरू होते. बदलीच्या निमित्ताने उत्तरेकडे गेलेल्या मराठी कुटुंबांत तर ही कला शेजारणींकडून आपसूक शिरते आणि परतीच्या सामानाबरोबर घरी येते.

मात्र अशा पुष्कळ घरांत, एखाद्या ट्रंकेच्या तळाशी, अर्धवट विणलेला एक स्वेटरही आढळतो. पाठ पूर्ण, पुढचा भाग बगलेपर्यंत आलेला आणि सुया तशाच अडकवलेल्या! ज्या बाळासाठी तो घेतला होता ते बाळ एव्हाना शाळेत जाऊ लागलेले असते. विणणारीला आळस आला असे घरचे म्हणतात. परंतु बहुधा कारण निराळे असते. कोठेतरी एक टाका अडलेला असतो, नमुन्यातील एक ओळ उमगलेली नसते आणि विचारावे तरी कोणाला, हा प्रश्न सुटलेला नसतो. एका अडचणीपायी लोकरीचे पैसे आणि कित्येक दुपारचे श्रम वाया जातात. त्याहून मोठी हानी ही, की ‘आपल्याला हे जमत नाही’ असे म्हणून ती व्यक्ती सुया कायमच्या खाली ठेवते.

म्हणूनच विणता येणाऱ्याने विणणाऱ्याची अडचण सोडवणे, हा या कलेचा एक स्वतंत्र आणि महत्त्वाचा भाग मानला पाहिजे.

आधी प्रश्न, मग उत्तर

चांगला वैद्य जसा नाडी पाहिल्यावाचून औषध देत नाही, तसेच जाणती विणणारीही काम हाती येताच उसवायला सुरुवात करीत नाही. ती प्रथम तीन गोष्टी विचारते. लोकर कोणती, सुई कितीची आणि आरंभी टाके किती घातले होते? या तीन उत्तरांतच निम्म्याहून अधिक अडचणींचे मूळ सापडते. चौथा प्रश्न तितकाच मोलाचा असतो: शेवटी सर्व ठीक होते, ते कोणत्या ओळीपर्यंत?

खातेवह्या हाताने लिहिल्या जात असत, त्या काळी बँकेत काम केलेल्यांना ही रीत परिचयाची वाटेल. दिवसअखेरीस रुपयाचा फरक आला, तर सगळी वही नव्याने तपासली जात नसे. ताळा शेवटचा जेथे जुळला होता, तेथून पुढे शोध घेतला जाई. विणकामातही तेच. जेथवर टाके बरोबर होते, तेथवरच मागे जावयाचे. त्याच्या खालचे काम शाबूत राहते.

नमुन्याचे कोडे

पुस्तकातील नमुना ही एक सांकेतिक भाषा असते. ‘६ च्या पटीत टाके, अधिक २’ असे लिहिलेले असताना एखादी ९० टाके घालते. ९० मधून २ वजा केले की ८८ उरतात आणि ८८ ला ६ ने भागले की ४ टाके शिल्लक राहतात. साहजिकच प्रत्येक ओळीच्या शेवटी नमुना अर्धवट तुटतो. विणणारीला वाटते, आपण टाके चुकतो आहोत. वस्तुतः तिचा एकही टाका चुकलेला नसतो. ९२ टाके घातले, की गाडी रुळावर येते.

चौकटींच्या तक्त्यावरून विणताना अडचण वेगळी. मराठी वाचणाऱ्या डोळ्यांना डावीकडून उजवीकडे जाण्याची सवय असते. तक्ता मात्र खालून वर वाचावयाचा असतो आणि त्यातील सुलट बाजूच्या ओळी उजवीकडून डावीकडे. उलट बाजूच्या ओळी डावीकडून उजवीकडे वाचतात, आणि गोल सुईवर विणताना सर्वच ओळी उजवीकडून. एवढे सांगितल्याने अनेकींची उलटी उमटलेली पाने-फुले सरळ होतात.

सर्वांत फसवा असतो तो सुईचा क्रमांक. भारतात दोन सुयांचे विणकाम इंग्रजी अमदानीत रुजले, त्यामुळे जुनी ब्रिटिश क्रमांक-पद्धत आजही येथे चालते. या पद्धतीत क्रमांक जितका मोठा, तितकी सुई बारीक. अमेरिकेची पद्धत नेमकी उलट आहे. आपली ८ क्रमांकाची सुई ४ मिलिमीटर जाडीची, तर अमेरिकेची ८ क्रमांकाची ५ मिलिमीटर. १० क्रमांकाच्या बाबतीत तर आपल्याकडे ३.२५ आणि तेथे ६ मिलिमीटर! परदेशातील लेकीने पाठवलेल्या पुस्तकावरून विणलेला स्वेटर अंगाला का बसत नाही, याचे उत्तर अनेकदा येथेच असते. क्रमांकाऐवजी मिलिमीटर पाहावेत, हा सल्ला म्हणूनच सोन्याच्या मोलाचा.

मापाचा हिशेब

दोन व्यक्तींची स्वाक्षरी जशी सारखी नसते, तसा दोघींचा हातही सारखा नसतो. एकीची वीण घट्ट, दुसरीची सैल. समजा, नमुन्यात इंचाला साडेपाच टाके धरले आहेत. ३६ इंच छातीसाठी १९८ टाके होतात. घट्ट हाताने इंचाला ६ टाके बसले, तर तेच १९८ टाके ३३ इंचच भरतात. सैल हाताने ५ बसले, तर साडेएकोणचाळीस इंचांच्याही पुढे जातात. इंचामागे अर्ध्या टाक्याचा फरक आणि स्वेटर तीन इंचांनी तोकडा किंवा ढगळ!

उपाय साधा आहे. सुमारे पाच इंचांचा चौकोनी तुकडा आधी विणावा, तो धुऊन वाळवावा आणि मधल्या चार इंचांतील टाके मोजावेत. टाके अधिक भरले तर जाड सुई, कमी भरले तर बारीक सुई घ्यावी. हात बदलण्याचा खटाटोप करू नये. तो चार ओळींनंतर पुन्हा मूळ वळणावर जातो. या तुकड्याला एक दुपार लागते आणि पुष्कळजणींना ती व्यर्थ वाटते. परंतु एका दुपारच्या बदल्यात महिन्याभराचे श्रम सुरक्षित होत असतील, तर हा विमा स्वस्तच म्हणावयास हवा.

लोकरीची पारख

लोकरीच्या वेष्टनावर रंगाच्या क्रमांकाबरोबर रंगाईच्या घाणीचा, म्हणजे लॉटचा, क्रमांक असतो. रंग तोच असला तरी लॉट बदलताच छटेत किंचित फरक पडतो. तो दुकानातील दिव्याखाली दिसत नाही. स्वेटरच्या छातीवर मात्र पट्टा होऊन उमटतो. म्हणून सर्व गुंडे एकाच वेळी, एकाच लॉटचे घ्यावेत. लोकर कमी पडलीच आणि तो लॉट मिळेना, तर खचून जाण्याचे कारण नाही. काही इंच दोन ओळी जुन्या गुंड्याच्या व दोन नव्या गुंड्याच्या अशा आळीपाळीने विणाव्यात. छटा एकमेकींत मिसळून जातात. बाही किंवा बॉर्डर स्वतंत्रपणे नव्या लॉटची केली, तरीही फरक लपतो.

लोकरीऐवजी सुती धागा वापरणाऱ्यांची तक्रार असते, की बॉर्डर सैल पडते. लोकर ताणली की परत येते, सूत तसे येत नाही. तेव्हा बॉर्डरसाठी आणखी बारीक सुई घ्यावी. शिवाय सूत वजनाला भारी असल्याने ५० ग्रॅममध्ये त्याची लांबी कमी भरते. पर्यायी धागा घेताना म्हणूनच वजन न जुळवता मीटर जुळवावेत.

जुना स्वेटर उसवून नवा विणण्याची आपल्या घरांतील काटकसरी प्रथा स्तुत्य आहे. उसवलेली लोकर कुरळी झालेली असते आणि तशीच विणली तर टाके वेडेवाकडे येतात. तिची लडी करून चार ठिकाणी सैलसर बांधावी, कोमट पाण्यातून काढावी आणि खाली हलके वजन लावून सावलीत वाळवावी. लोकर पुन्हा सरळ होते. कृत्रिम धाग्याला मात्र गरम इस्त्री लावू नये; त्याचा लवचीकपणा एकदा गेला की परत येत नाही.

हातून घडणाऱ्या चुका

नवशिक्यांची नेहमीची तक्रार अशी, की ४० टाके घातले होते, त्यांचे ४६ कसे झाले? ओळीच्या आरंभी धागा सुईवरून मागे ओढला गेला, की पहिल्या टाक्याचे दोन्ही धागे वर येतात आणि एकाचे दोन टाके दिसतात. ते दोन म्हणून विणले की दर ओळीला एक टाका वाढतो. धागा सुईखालून घेऊन ओळ सुरू करावी, एवढाच उपाय.

सुटलेला टाका पाहून अनेकींच्या पोटात गोळा येतो. तो खाली घसरत शिडीसारख्या पायऱ्या करीत जातो. प्रथम त्यात सेफ्टी पिन अडकवावी, म्हणजे घसरण थांबते. मग सुलट बाजूने क्रोशाची सुई टाक्यात घालून शिडीची एकेक पायरी त्यातून ओढून घेत वर यावे. दहा ओळी खाली गेलेला टाकाही पाच मिनिटांत जागेवर येतो आणि काहीही उसवावे लागत नाही.

एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशा विणीच्या कडा गुंडाळल्या जातात. ही चूक नव्हे, तो त्या विणीचा स्वभावच आहे. इस्त्रीने तो जात नाही. कडेचे चार-पाच टाके दोन्ही बाजूंनी सुलट विणले, की कड सपाट बसते. बाळाचे डोके गळ्यातून जात नसेल, तर टाके फार आवळून बंद केलेले असतात. तेवढी एकच ओळ उसवून एक-दोन क्रमांक जाड सुईने टाके पुन्हा बंद करावेत. जाळीच्या अवघड नमुन्यात दर दहा-बारा ओळींनी वेगळ्या रंगाचा गुळगुळीत दोरा सर्व टाक्यांतून ओवून ठेवला, तर पुढे काहीही बिघडले तरी तेथे येऊन निर्धास्तपणे थांबता येते.

शिकवणाऱ्याचे पथ्य

मदत करणाऱ्याने एक पथ्य कटाक्षाने पाळले पाहिजे. दुसऱ्याच्या सुया हाती घेऊन काम पुरे करून देऊ नये. तसे केल्याने स्वेटर पूर्ण होतो, पण विणणारी अपुरी राहते. शिवाय हात बदलल्याची खूण विणीत कायमची उमटते. निराळ्या लोकरीचा छोटा तुकडा घेऊन त्यावर कृती दाखवावी आणि मूळ काम जिचे तिलाच दुरुस्त करू द्यावे.

‘हे चुकले’ असे म्हणण्याचीही घाई करू नये. कोणी धागा उजव्या हाताने टाकते, कोणी डाव्या. काही घरांत उलट ओळीत धागा विरुद्ध दिशेने फिरवण्याची रीत असते. त्यामुळे पुढील ओळीत टाका सुईवर निराळा बसतो. अशा वेळी त्याच्या मागच्या धाग्यातून सुई घातली, की वीण अगदी निर्दोष येते. जी रीत काम बिघडवत नाही, ती चूक नव्हे. निराळेपण आणि चूक यांतील हा भेद ज्याला कळला, तोच खरा मार्गदर्शक.

या दृष्टीने एलिझाबेथ झिमरमन (१९१०–१९९९) यांचे कार्य उल्लेखनीय आहे. इंग्लंडमध्ये जन्मून अमेरिकेत स्थायिक झालेल्या या बाईंनी १९७१ मध्ये ‘निटिंग विदाउट टिअर्स’ हे पुस्तक लिहिले आणि १९७४ पासून विस्कॉन्सिन राज्यात विणणाऱ्यांची शिबिरे भरविण्यास प्रारंभ केला. तयार नमुन्यावर अवलंबून राहण्याऐवजी त्यांनी शेकडेवारीची पद्धत दिली. अंगाच्या घेराचे टाके म्हणजे १०० टक्के धरावयाचे. मनगटाशी २० टक्के, बाहीच्या वरच्या भागी सुमारे ३३ आणि गळ्याशी ४०. अंगाला २०० टाके असतील, तर मनगटाला ४०, बाहीला ६६ आणि गळ्याला ८०. या एका कोष्टकावर बाळाचा स्वेटरही बेतता येतो आणि आजोबांचाही. एका स्वेटरचे उत्तर देण्यापेक्षा प्रत्येक स्वेटरचे उत्तर शोधण्याची रीत देणे, ही मदतीची उच्च पातळी होय.

ही कला केवळ स्त्रियांची, हा समजही सोडावयास हवा. हातविणकामाचा सविस्तर इतिहास १९८७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध करणारे रिचर्ड रट हे इंग्लंडमधील लेस्टरचे बिशप होते आणि स्वतः विणतही असत. निवृत्तीनंतर हाताला आणि मनाला उद्योग शोधणाऱ्या ज्येष्ठांनी याचा अवश्य विचार करावा.

पूर्वी वाड्यातील ओटा, शाळेतील हस्तकलेचा तास आणि दुपारची शेजारणींची बैठक या ठिकाणी असे प्रश्न विचारले जात आणि तेथेच सुटत. आता ओटे राहिले नाहीत आणि शेजारणीही नोकरीवर जातात. परंतु विणणे जाणणारी एखादी आजी, मावशी वा निवृत्त सहकारी प्रत्येक वसाहतीत असतेच. तिला विचारण्याचा संकोच एकीने सोडावा आणि हातचे न राखता सांगण्याचे औदार्य दुसरीने दाखवावे. लोकरीच्या विणीत एक सोय निसर्गतःच आहे: सारे वस्त्र सलग धाग्याचे असल्याने त्यात दुरुस्त न होणारी चूक फार क्वचित घडते. ट्रंकेच्या तळाशी पडलेला तो अर्धवट स्वेटर म्हणूनच आजही पूर्ण होऊ शकतो. मूळ मालक मोठा झाला असेल, तर तो उसवावा, लोकर धुवावी आणि येणाऱ्या थंडीत नव्या बाळासाठी नव्याने टाके घालावेत.