आधी वजन गेलं, मग आनंदही गेला : 'रिमोनाबँट' या गोळीसोबत नेमकं काय घडलं होतं?

सध्या इन्स्टाग्राम उघडलं की चार-पाच रील्समागे एक रील वजन कमी करणाऱ्या इंजेक्शनचं असतं. कोण किती किलो उतरलं, कुठल्या सेलिब्रिटीने घेतलं, महिन्याला खर्च किती येतो, सगळी चर्चा सुरू आहे.

पण साधारण वीस वर्षांपूर्वी अशीच हवा एका गोळीची झाली होती. नाव होतं रिमोनाबँट. २००६ मध्ये तिला युरोपात परवानगी मिळाली. ही गोळी घेतली की भूक कमी लागायची, वजन उतरायचं, पोटाचा घेर कमी व्हायचा. लठ्ठपणावर रामबाण उपाय सापडला, असंच वाटत होतं.

आणि अडीच वर्षांच्या आत ही गोळी युरोपच्या बाजारातून गायब झाली.

कारण काय, तर वजनासोबत काही लोकांच्या आयुष्यातला आनंदही कमी होत होता. कुणाला नैराश्य आलं, कुणाला प्रचंड चिंता वाटू लागली, काहींच्या मनात आत्महत्येचे विचार येऊ लागले.

आता प्रश्न असा आहे की गोळी घेतली पोटासाठी, मग परिणाम मनावर कसा झाला? याचं उत्तर आपल्या पेशींवर बसलेल्या एका कुलपात आहे. आणि त्या कुलपाच्या किल्लीचं नाव चक्क संस्कृतमधून आलंय.

आधी बेसिक समजून घेऊ, रिसेप्टर म्हणजे काय?

आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीभोवती एक पातळ आवरण असतं. ते बनलेलं असतं मुख्यतः चरबीसारख्या पदार्थांच्या दोन थरांनी. बाहेरचा कुणीही उठून थेट आत घुसू शकत नाही. मग बाहेरचा निरोप आत पोहोचवायचा कसा?

त्यासाठी या आवरणात प्रथिनांचे रिसेप्टर बसवलेले असतात. दारावरच्या बेलसारखं काम समजा. बाहेरून कुणी बटण दाबलं की घरात आवाज होतो, पण पाहुणा आत आलेला नसतो. रिसेप्टरचंही तसंच. बाहेरून योग्य रेणू येऊन चिकटला की रिसेप्टरचा आकार किंचित बदलतो आणि पेशीच्या आत पुढची कामं सुरू होतात.

यातलं सगळ्यात मोठं कुटुंब म्हणजे जी-प्रोटीन कपल्ड रिसेप्टर. पेशीच्या आवरणातून सात वेळा आत-बाहेर शिवलेल्या धाग्यासारखी त्यांची रचना असते. माणसाच्या शरीरात यांचे साधारण ८०० प्रकार आहेत. आज वापरात असलेल्या औषधांपैकी जवळपास एक तृतीयांश औषधं याच कुटुंबावर काम करतात. या रिसेप्टरवरच्या संशोधनासाठी रॉबर्ट लेफ्कोविट्झ आणि ब्रायन कोबिल्का यांना २०१२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

पण चरबी निरोप कशी काय पोहोचवते?

चरबी म्हटलं की आपल्याला तेल, तूप आणि पोटावरचे टायर आठवतात. पण शरीर चरबीच्या रेणूंचा वापर निरोप्यासारखाही करतं.

पेशीच्या आवरणात ॲराकिडोनिक ॲसिड नावाचं एक फॅटी ॲसिड साठवलेलं असतं. गरज पडली की पेशी तिथूनच ते तोडून काढते आणि त्यापासून वेगवेगळे संदेशवाहक बनवते. ताप आणि वेदना वाढवणारे प्रोस्टाग्लँडिन यातूनच बनतात. दम्यात श्वासनलिका आवळणारे ल्युकोट्राईनही यातूनच बनतात. आणि आपल्या आजच्या गोष्टीचा हिरो, आनंदामाइड, तोही याच कच्च्या मालातून तयार होतो.

यात एक गंमत आहे. बाकी बरेच संदेशवाहक पाण्यात विरघळतात, त्यामुळे त्यांना आधी बनवून छोट्या पिशव्यांमध्ये भरून ठेवता येतं. चरबीचे रेणू असे साठवता येत नाहीत, ते आवरणातून निसटून जातात. म्हणून शरीर त्यांना ऑर्डर आल्यावर बनवतं, जवळच वापरतं आणि काम झालं की लगेच तोडून टाकतं.

कुलपाचा शोध लागला गांजामुळे

१९६४ मध्ये इस्रायलमध्ये राफेल मेकुलाम आणि येहिएल गाओनी या शास्त्रज्ञांनी गांजातला नशा आणणारा मुख्य घटक वेगळा काढून त्याची रचना मांडली. तो घटक म्हणजे टीएचसी. पण टीएचसी मेंदूत नेमकं काय करतं, हे पुढची वीसेक वर्षं कोडंच होतं. टीएचसी तेलकट असल्यामुळे ते पेशीच्या आवरणात नुसतं विरघळत असावं आणि त्यामुळे नशा येत असावी, असंही अनेकांना वाटायचं.

१९८८ मध्ये ॲलिन हाउलेट आणि त्यांचे विद्यार्थी विल्यम डिवेन यांनी उंदराच्या मेंदूत टीएचसीसारख्या पदार्थांना धरून ठेवणारी खास जागा असल्याचं दाखवलं. १९९० मध्ये अमेरिकेत लिसा मात्सुदा आणि सहकाऱ्यांनी त्या रिसेप्टरचं जनुकच शोधून काढलं. या रिसेप्टरला आज सीबी-१ म्हणतात.

कुलूप सापडलं, पण मग एक साधा प्रश्न उभा राहिला. गांजा नावाच्या एका झाडासाठी माणसाचा मेंदू कशाला स्वतंत्र कुलूप बनवून ठेवेल? म्हणजे याची खरी किल्ली शरीरातच असणार.

ती १९९२ मध्ये सापडली. मेकुलाम यांच्या जेरुसलेमच्या प्रयोगशाळेत विल्यम डिवेन आणि लुमिर हानुश यांनी डुकराच्या मेंदूतून चरबीसारखा एक रेणू वेगळा केला. तो सीबी-१ मध्ये बरोबर बसत होता. त्याला नाव देताना त्यांनी संस्कृतमधला 'आनंद' हा शब्द घेतला आणि रसायनाच्या प्रकारावरून पुढे 'अमाइड' जोडलं. झालं आनंदामाइड.

पुढे १९९५ मध्ये याच कुलपाची आणखी एक किल्ली सापडली. तिचं नाव २-एजी. मेंदूत हिचं प्रमाण आनंदामाइडपेक्षा बरंच जास्त असतं.

हे कुलूप उघडल्यावर होतं काय?

मेंदूत एक पेशी दुसरीला निरोप देते, तेव्हा तो पुढच्या दिशेने जातो. सीबी-१ ची यंत्रणा मात्र उलटी चालते. समोरच्या पेशीला खूप जास्त निरोप यायला लागले की ती आपल्या आवरणातून आनंदामाइड किंवा २-एजी बनवून मागे पाठवते. निरोप देणाऱ्या पेशीवर सीबी-१ बसलेला असतो. तो चालू झाला की त्या पेशीत कॅल्शियम कमी शिरतं आणि ती पुढचे निरोप पाठवणं कमी करते.

सोप्या भाषेत, 'अरे बास झालं, आवाज कमी कर' असं सांगणारी ही यंत्रणा आहे.

भीती, चिंता, वेदना, आठवणी, भूक अशा अनेक ठिकाणी हे आवाजाचं बटण बसलेलं आहे. ते फक्त मेंदूतच नाही. यकृतात, आतड्यात आणि चरबीच्या पेशींमध्येही सीबी-१ असतो. एक नशिबाची गोष्ट म्हणजे श्वास चालू ठेवणाऱ्या मेंदूच्या भागात तो फार कमी आहे. म्हणूनच अफूपासून बनलेल्या औषधांचा ओव्हरडोस जसा थेट श्वास बंद पाडतो, तसं गांजाच्या बाबतीत सहसा होत नाही.

म्हणून गांजा सेफ आहे, असा याचा अर्थ अजिबात काढू नका. आनंदामाइड हवं तिथे, हवं तेवढंच बनतं आणि लगेच मोडतं. टीएचसी मात्र जिथे जिथे हे कुलूप आहे तिथे एकाच वेळी जाऊन बसतं आणि बराच वेळ हलत नाही. होळीला भांग जास्त झाल्यावर कुणाला भयंकर भीती वाटते, कुणाला काही आठवत नाही, कुणी थांबतच नाही इतकं खातं, ते यामुळेच.

मग रिमोनाबँटचं गणित कुठे चुकलं?

गांजा घेतल्यावर भूक खवळते, ही गोष्ट जगभर माहीत होती. म्हणजे सीबी-१ चालू झाला की भूक वाढते. मग तो बंद केला तर भूक कमी होईल, असा सरळ हिशोब होता.

फ्रान्सच्या सनोफी कंपनीने १९९४ मध्ये सीबी-१ ला कुलूपबंद करणारा रेणू जाहीर केला. तोच रिमोनाबँट. मोठ्या चाचण्यांमध्ये वर्षभर गोळी घेणाऱ्यांचं वजन, नकली गोळी घेणाऱ्यांपेक्षा सरासरी ४ ते ५ किलो जास्त उतरलं. हिशोब बरोबर निघाला होता.

पण गोळी मेंदूत पोहोचत होती आणि मेंदूतला सीबी-१ फक्त भुकेचं काम करत नव्हता. भुकेचा आवाज कमी करायला गेलेल्या गोळीने चिंता आणि भीती आटोक्यात ठेवणारं बटणही बंद केलं.

जून २००७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएच्या सल्लागार समितीसमोर हे औषध आलं. समितीने १४ विरुद्ध ० मतांनी नकार दिला. अमेरिकेत ही गोळी कधीच आली नाही. ऑक्टोबर २००८ मध्ये युरोपच्या औषध नियामक संस्थेने सांगितलं की ही गोळी घेणाऱ्यांमध्ये मानसिक आजारांचा धोका साधारण दुप्पट होतोय. विक्री थांबवण्यात आली. त्या वेळी १८ हजारांहून जास्त लोकांवर या गोळीची हृदयरोगासाठीची चाचणी चालू होती, तीही अर्ध्यात गुंडाळावी लागली. त्या चाचणीत गोळी घेणाऱ्या गटात ४ आणि नकली गोळीच्या गटात १ आत्महत्या नोंदवली गेली होती.

भारतातही ही गोळी मिळत होती. इथल्या कंपन्यांनी तिची जेनेरिक रूपं बाजारात आणली होती. युरोपने विक्री थांबवल्यानंतर वर्षभराहून जास्त काळाने, डिसेंबर २००९ मध्ये केंद्र सरकारने रिमोनाबँटवर बंदी घातली.

बरं, मग आनंदामाइड वाढवलं तर?

बटण बंद करून नुकसान होतंय, तर आवाज आणखी कमी करून पाहू, असाही विचार झाला. आनंदामाइड तोडण्याचं काम एफएएएच नावाचं एन्झाइम करतं. ते अडवलं की आनंदामाइड शरीरात जास्त वेळ टिकतं.

निसर्गाने हा प्रयोग आधीच केलाय. २०१९ मध्ये स्कॉटलंडमधल्या एका महिलेची केस प्रसिद्ध झाली. जनुकांतल्या बदलांमुळे त्यांच्या शरीरात आनंदामाइड जास्त आहे. त्यांना वेदना जवळपास जाणवतच नाहीत, चिंताही फारशी होत नाही. ऐकायला भारी वाटतं. पण हात भाजल्याचं त्यांना जळण्याचा वास आल्यावर कळायचं आणि विसरभोळेपणाही होता. वेदना हा शरीराचा अलार्म आहे, तो बंद असणं परवडणारं नाही.

औषधाचा मार्ग तर आणखी अवघड निघाला. जानेवारी २०१६ मध्ये फ्रान्सच्या रेन शहरात एफएएएच अडवणाऱ्या एका नव्या औषधाची माणसांवर पहिली चाचणी सुरू होती. त्यात सहा जणांना हॉस्पिटलमध्ये दाखल करावं लागलं आणि त्यातल्या एकाचा मृत्यू झाला. त्याच प्रकारच्या इतर औषधांनी असं काही केलं नव्हतं. २०१७ मधल्या अभ्यासात दिसलं की हे औषध एफएएएचसोबत चरबीवर काम करणाऱ्या दुसऱ्या एन्झाइम्सनाही अडवत होतं.

तुमच्या घरातल्या औषधांचा याच्याशी काय संबंध?

पाळीच्या दुखण्यावर किंवा अंगदुखीवर घेतली जाणारी आयबुप्रोफेन याच जगातली आहे. ती प्रोस्टाग्लँडिन बनणंच कमी करते, म्हणजे कुलपाला हात न लावता किल्लीचा कारखाना बंद करते. पण तेच प्रोस्टाग्लँडिन पोटाच्या आतल्या अस्तराचं रक्षणही करतात. म्हणून पेनकिलर सारखी घेतली की ॲसिडिटी आणि अल्सरचा धोका वाढतो.

दमा आणि ॲलर्जीसाठी सर्रास दिली जाणारी माँटेलुकास्ट ल्युकोट्राईनच्या रिसेप्टरवर जाऊन बसते. अनेकांना तिचा चांगला उपयोग होतो. पण २०२० मध्ये एफडीएने तिच्यावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. काही रुग्णांमध्ये वाईट स्वप्नं, चिडचिड, नैराश्य असे बदल दिसले होते. घरात कुणी, विशेषतः लहान मूल, ही गोळी घेत असेल आणि वागण्यात अचानक फरक वाटला, तर डॉक्टरांना लगेच सांगा. मात्र मनाने गोळी बंद करू नका, कारण दम्याचा ॲटॅकही जीवावर बेतू शकतो.

आता पुढे काय?

सीबी-१ ची गोष्ट अजून संपलेली नाही. मेंदूत कमीत कमी जाईल आणि फक्त यकृत, चरबी, आतडं इथल्या सीबी-१ वर काम करेल, अशा गोळ्यांवर आता काम चालू आहे. सध्याच्या वजनाच्या इंजेक्शनमुळे प्रसिद्ध झालेल्या नोवो नॉर्डिस्क कंपनीने २०२३ मध्ये अशी गोळी बनवणारी एक कंपनी विकत घेतली. सप्टेंबर २०२४ मध्ये त्या गोळीच्या, म्हणजे मोनलुनाबँटच्या, चाचणीचे आकडे आले. १६ आठवड्यांत १० मिलिग्रॅमच्या डोसवर सरासरी ७ किलोच्या आसपास वजन कमी झालं. पण काही जणांमध्ये पुन्हा चिंता, चिडचिड, झोपेच्या तक्रारी दिसल्या. त्यातल्या बहुतेक सौम्य ते मध्यम होत्या आणि डोस वाढला तसं त्यांचं प्रमाणही वाढलं.

इथे एक गोष्ट क्लिअर करायला हवी. सध्या चर्चेत असलेली जीएलपी-१ इंजेक्शन पूर्णपणे वेगळ्या रिसेप्टरवर काम करतात, त्यांचा सीबी-१ शी संबंध नाही. त्यामुळे रिमोनाबँटचे साइड इफेक्ट त्यांना चिकटवू नका.

पण रिमोनाबँटने शिकवलेली गोष्ट कुठल्याही औषधाला लागू होते. शरीर एकच कुलूप अनेक दारांना लावतं. आपल्याला एक दार बंद करायचं असतं, गोळी मात्र सगळ्या दारांपर्यंत जाते. त्यामुळे उद्या एखाद्या रीलमध्ये भूक गायब करणारी नवी गोळी दिसली, तर किती किलो कमी होतात हे बघण्याआधी ती शरीरात आणखी कुठे कुठे जाते, हे डॉक्टरांना जरूर विचारा.