टँक 1990 कुणाचा?

  अंबरनाथच्या एका वाचकाचं पत्र आलंय आणि त्यातला प्रश्न मला स्वस्थ बसू देत नाही. ते लिहितात : लहानपणी उल्हासनगरहून आणलेल्या कॅसेटवर टँकचा गेम होता. त्यात होडी मिळाली की टँक पाण्यावरून जायचा. आता मुलाच्या मोबाइलवर तोच गेम 'बॅटल सिटी' नावाने आहे, पण होडी नाही. ती का काढली?

काढली नाही. मूळ गेममध्ये ती नव्हतीच.

'बॅटल सिटी' जपानच्या नामको कंपनीने 1985 मध्ये निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या घरगुती गेमयंत्रासाठी काढला. विटांच्या भिंती, तळाशी सांभाळायचा गरुड, एकूण 35 लेव्हल. पत्रातल्या कॅसेटवर होता तो 'टँक 1990'. कुणीतरी नामकोचा गेम उघडला, नकाशे बदलले, होडी आणि पिस्तूल अशी दोन नवी बक्षिसं घातली आणि पहिल्या पडद्यावर नवं नाव लिहिलं.

हे शक्य झालं, कारण एनईएस या नावाने अमेरिकेत विकलेल्या आवृत्तीत निन्टेन्डोने अनधिकृत कॅसेट अडवणारी चिप बसवली असली, तरी 1983 च्या जपानी फॅमिकॉममध्ये ती नव्हती. तैवानमध्ये फॅमिकॉमच्या मुख्य चिपची नक्कल झाली आणि आपल्याकडे 'मीडिया', 'लिटल मास्टर' अशा नावांनी तेच यंत्र घरोघरी पोचलं.

गेमही केवढा? 24 किलोबाइट. त्यातल्या 16 मध्ये प्रोग्राम आणि 8 मध्ये चित्रं. चित्रं म्हणजे 8 गुणिले 8 ठिपक्यांचे 512 चौकोन, अक्षरंसुद्धा त्यांतच. कोणता चौकोन कुठे मांडायचा, हे सांगणारे आकडे बदलले की पडद्यावरची 'नामको' ही अक्षरं गेली. नाव पुसणं इतकं सोपं. होडी घालणं मात्र अजिबात सोपं नाही. मूळ लिखित प्रोग्राम हाताशी नसताना नुसत्या यंत्रभाषेतल्या आज्ञा वाचायच्या, पाणी लागलं की टँक थांबतो ती नेमकी जागा शोधायची आणि तिथे नवी अट बसवायची. ज्याने हे केलं त्याला कसब होतं, आणि त्याचंही नाव आज कुणाच्या तोंडी नाही.

नावावरून आठवलं, उल्हासनगरचा जुना किस्सा सगळ्यांना ठाऊक आहे : मालावर 'मेड इन यूएसए' लिहिलेलं असायचं, आणि यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीच्या बराकींत आलेल्या माणसांनी शून्यातून उभ्या केलेल्या बाजाराचा तो किस्सा. त्यात बनवणाऱ्याचा पत्ता तरी आहे. टँकच्या कॅसेटच्या स्टिकरवर ना कंपनी असायची, ना गाव.

आता मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट. 'बॅटल सिटी'च्या मूळ प्रोग्राममध्ये, खेळताना कधीच न दिसणाऱ्या जागी, तीन नावं लिहिलेली आहेत : रियोइची ओकुबो, ताकेफुमी ह्योदो आणि जुन्को ओझावा. सुरुवातीची ती धून ओझावाबाईंची. पडद्यावर कंपनीने फक्त स्वतःचं नाव ठेवलं, म्हणून या तिघांची नावं आत राहिली. नक्कल करणाऱ्यांनी पुढे पडद्यावरून कंपनीही काढली.

नक्कल आणि नाव पुसणं हे दोन वेगळे गुन्हे आहेत, असं माझं ठाम मत आहे. नकलेमुळे हा गेम उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या पोरांपर्यंत पोचला. तो दुसऱ्या वाटेने इतक्या स्वस्तात आलाच नसता. नाव पुसून मात्र कुणाचंच भलं झालं नाही. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम 57 हेच सांगतं : हक्क विकून टाकले तरी 'हे मी केलं' म्हणण्याचा लेखकाचा अधिकार उरतोच. संगणकाचा प्रोग्राम आपल्या कायद्यात साहित्यकृतीच मानला जातो.

तेव्हा माळ्यावर जुन्या कॅसेट असतील तर भंगारात देऊ नका. पहिल्या पडद्याचा आणि स्टिकरचा फोटो काढून मला पाठवा. कोणत्या नावाखाली कुणाचा गेम आहे, ते आपण मिळून शोधू.