मक्याच्या राज्यात पाण्याचे वांधे!

अमेरिकेतलं आयोवा म्हणजे मक्याचं आगर. पूर्वेला मिसिसिपी, पश्चिमेला मिझुरी, मध्ये काळीभोर माती आणि ऐन उन्हाळ्यात पाऊस. मग मका पिकणारच ना! पण तो सगळा ताटात येतो असं समजू नका. निम्म्याहून जास्त इथेनॉलच्या कारखान्यांत जातो, बराचसा डुकरांच्या खाद्यात. माणसं ३२ लाख, डुकरं दोन कोटींवर!

याची किंमत? शेतातलं नायट्रेट पावसाबरोबर नद्यांत उतरतं. जून २०२५मध्ये ते इतकं वाढलं, की राजधानी डे मॉइनच्या परिसरात अंगणातल्या हिरवळीला पाणी घालायला बंदी आली. पाण्यातून नायट्रेट काढणाऱ्या यंत्रणेला भार झेपेना. पाऊसही आहे, नद्याही आहेत. मग टंचाई कसली? पिण्याजोग्या पाण्याची!