दवाखान्यातील संगणक आणि मुक्त प्रणाली : एक सात्म्यविचार

वैद्यक व्यवसायात संगणक आता पाहुणा राहिलेला नाही. यवतमाळ, वणी, पुसद यांसारख्या शहरांतच नव्हे, तर आपल्या जिल्ह्यातील लहान तालुक्यांच्या गावीही रुग्णपत्रे, औषधांचा साठा, देयके आणि वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे यांसाठी वैद्यांच्या मेजावर संगणक दिसतो. औषधद्रव्य विकत घेताना आपण त्याचे मूळ, जाती, काळ आणि भेसळ पाहतो. ज्या यंत्रावर रुग्णांची माहिती सोपवितो, त्याची अशी परीक्षा मात्र आपण क्वचितच करतो. आम्ही संगणकतज्ज्ञ नाही. एका दवाखान्यात आणि त्याला जोडून असलेल्या छोट्या फार्मसीत जे घडले व जे आम्ही शिकलो, ते व्यवसायबंधूंच्या उपयोगी पडावे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

निमित्त

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार थांबविला. जुलै २०१५ मध्ये आलेली ही प्रणाली त्या दिवशी बंद पडली नाही. संगणक नेहमीप्रमाणे चालू राहिले. परंतु नवे दोष दुरुस्त करणारी सुरक्षा-अद्यतने विनाअट मिळणे थांबले. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव योजना कंपनीने जाहीर केली. व्यावसायिक वापरासाठी जास्तीत जास्त तीन वर्षांची सशुल्क सोय ठेवली. पुढची प्रणाली विंडोज ११ ही ऑक्टोबर २०२१ मध्ये आली होती. तिच्यासाठी टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय आवश्यक ठरविण्यात आली आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक प्रोसेसर मान्य यादीतून वगळले गेले. आमचे दोन्ही संगणक २०१६ सालचे. चालण्यास निरोगी, पण नव्या प्रणालीस अपात्र! विक्रेत्याने सल्ला दिला, "दोन्ही नवे घ्या."

अद्यतनाअभावी काय होते, याचे उदाहरण वैद्यक क्षेत्रातच आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर विषाणू जगभर पसरला. त्याला रोखणारे अद्यतन मायक्रोसॉफ्टने मार्च महिन्यातच दिले होते. ज्यांनी ते बसविले नव्हते, त्यांचे संगणक कुलूपबंद झाले. इंग्लंडमधील राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या एक तृतीयांशाहून अधिक ट्रस्टांचे काम त्यामुळे विस्कळीत झाले आणि हजारो रुग्णांच्या नियोजित भेटी रद्द कराव्या लागल्या. एवढ्या मोठ्या यंत्रणेची ही अवस्था झाली, तिथे आपल्या एका खोलीच्या दवाखान्याची काय कथा!

निदान

तथापि आमचा खरा व्याधी याहून जुना होता. २००८ मध्ये आम्ही रुग्णनोंदीसाठी एक तयार कार्यक्रम विकत घेतला होता. काही वर्षांत तो बनविणाऱ्यांनी व्यवसाय बंद केला. २०१६ मध्ये नवे संगणक आले, तेव्हा तो कार्यक्रम त्यांवर चालेना. म्हणून जुना संगणक कोपऱ्यात ठेवून गरजेपुरता उघडत असू. २०१९ च्या पावसाळ्यात विजेच्या झटक्याने तोही गेला.

त्याच वर्षीच्या थंडीत एक वृद्ध रुग्णा संधिशूलासाठी आल्या. पूर्वी त्या आमच्याकडेच उपचार घेत असत. प्रकृती, बल, अग्नी व ऋतू पाहून आम्ही भल्लातकाचा योग लिहावयास घेतला. तेवढ्यात सोबत आलेली सून म्हणाली, "डाक्टरसाहेब, मांगं यायले बिबा उतला होता ना!" आमची लेखणी थांबली. ही नोंद आम्हीच आमच्या हाताने केली होती. पण ती कोपऱ्यातल्या मृत संगणकात होती. सुनेच्या स्मरणाने त्या दिवशी आमची लाज राखली आणि रुग्णेची त्वचाही. आमच्या गुरुजींच्या काळातील कागदी रुग्णपत्रे आजही कपाटातून काढून वाचता येतात. आमची त्यांहून पुष्कळ अलीकडची रुग्णपत्रे मात्र वाचता येत नव्हती.

अमरावतीस अभियांत्रिकी शिकणाऱ्या आमच्या भाच्याने त्या संगणकाची हार्ड डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडली. नोंदींच्या फाइली डीबेस नावाच्या जुन्या, सर्वज्ञात पद्धतीच्या निघाल्या. लिबरऑफिस या मुक्त कार्यक्रमात त्या तक्त्यासारख्या उघडल्या! पण मजकूर मात्र भलत्याच चिन्हांचा दिसू लागला, कारण तो युनिकोडपूर्व मराठी फॉन्टमध्ये टंकित होता. अशा फॉन्टमध्ये संगणक मनात इंग्रजी अक्षरेच साठवितो आणि वर मराठीचा मुखवटा चढवितो. फॉन्ट गेला की मुखवटा गळतो. युनिकोडमध्ये तसे नाही. १९९१ पासून तेथे देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला स्वतःचा क्रमांक आहे. त्यामुळे यंत्र बदलले तरी 'क' हा 'क'च राहतो. परिवर्तकाच्या साहाय्याने बहुतेक नोंदी युनिकोडमध्ये आल्या. लांब टिपणांचा काही भाग मात्र हाती लागला नाही, तो कायमचाच.

तेव्हा निदान झाले ते असे : संगणक जुना होणे हा उपद्रव होय. मूळ व्याधी हा की, आपलेच लेखन वाचण्यासाठी आपल्याला दुसऱ्याच्या परवानगीवर आणि आयुष्यावर अवलंबून राहावे लागते.

द्रव्यपरिचय

मुक्त प्रणाली म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना समजावणे सोपे आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० यात आपल्या औषधांचे दोन वर्ग आहेत. पहिल्या वर्गातील औषधे प्रथम अनुसूचीतील प्रमाणग्रंथांच्या पाठानुसार बनतात. च्यवनप्राशाचा पाठ ग्रंथात उघडा आहे. परवानाधारक कोणतीही फार्मसी तो बनवू शकते आणि कोणताही वैद्य तो तपासू शकतो. दुसरा वर्ग पेटंट अथवा प्रोप्रायटरी औषधांचा. त्यात नाव आणि योजना उत्पादकाची असते. त्याने उत्पादन थांबविले की वैद्याला पर्याय शोधावा लागतो. विंडोज ही या दुसऱ्या वर्गातील. लिनक्स-आधारित प्रणाली पहिल्या वर्गातील : तिचा पाठ, म्हणजे सोर्स कोड, सर्वांसाठी खुला असतो.

या परंपरेचा आरंभ १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी जाहीर केलेल्या जीएनयू प्रकल्पाने झाला. १९९१ मध्ये फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने लिनक्स हा प्रणालीचा गाभा लिहिला. दोहोंच्या संयोगातून डेबियन, उबंटू, मिंट इत्यादी अनेक 'कल्प' सिद्ध झाले. आपल्याकडे सी-डॅक या संस्थेने डेबियनच्या आधारे बॉस नावाची भारतीय प्रणाली तयार केली. केरळने सरकारी शाळांतील संगणक-शिक्षण मुक्त प्रणालीवर आणले. २०१५ मध्ये केंद्र सरकारने शासकीय कामात मुक्त प्रणालींना प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले.

इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दाने घोटाळा होतो; मराठीत 'मुक्त' आणि 'फुकट' हे शब्द वेगळे आहेत, हे आपले भाग्य. या प्रणालीला बहुधा मूल्य पडत नाही, हे खरे. परंतु तिचा गुण मुक्तता हा आहे. विंडोजची चोरटी प्रत वापरणे हेही अनेकांना फुकटच वाटते. तथापि जाणूनबुजून तसे करणे हा स्वामित्वहक्क कायदा, १९५७ च्या कलम ६३-ब अन्वये अपराध आहे, आणि अशा प्रतींबरोबर विषाणू घरात येतात ते वेगळेच.

पादांशिक क्रम

अहितकर पण सात्म्य झालेली सवय एकदम सोडू नये, हितकर गोष्टही एकदम घेऊ नये. चतुर्थांशाने सोडावी, चतुर्थांशाने घ्यावी, मध्ये अंतर ठेवावे, असा उपदेश चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सातव्या अध्यायी आहे. आम्ही संगणकाबाबत तोच क्रम पाळला.

पहिला पाद : विंडोज तसेच ठेवून त्यावर लिबरऑफिस आणि फायरफॉक्स हे मुक्त कार्यक्रम बसविले. नवे सर्व मराठी लेखन युनिकोडमध्ये, इनस्क्रिप्ट कळफलकावर सुरू केले. बोटांना वळण लागण्यास सुमारे महिना गेला.

दुसरा पाद : सर्व रुग्णपत्रे, साठानोंदी आणि पत्रव्यवहार खुल्या स्वरूपातील फाइलींत आणले. त्यांच्या दोन प्रती केल्या. एक दवाखान्यात आणि एक घरी. हा पाद पूर्ण होण्यापूर्वी पुढे जाऊ नये, हे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

तिसरा पाद : लिनक्स मिंट पेन-ड्राइव्हवर घेतले. संगणकात काहीही न बसविता ही प्रणाली पेन-ड्राइव्हवरूनच चालवून पाहता येते. हीच उपशय-परीक्षा होय. छपाईयंत्र, स्कॅनर, वाय-फाय, ध्वनी हे सर्व आठ दिवस तपासले.

चौथा पाद : मगच दवाखान्याच्या संगणकावर ती कायम बसविली. मिंटची ठेवण जुन्या विंडोजसारखी असल्याने आमच्या कंपाउंडरांना दोन दिवसांत सवय झाली. 'हे सोपं आहे की' असे ते म्हणाले, तेव्हा आमचाही जीव भांड्यात पडला.

शिकण्यासाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे विनामूल्य पाठ उपयोगी पडतात. लिनक्स व लिबरऑफिस यांवरील अनेक पाठ मराठीतही आहेत.

पथ्यापथ्य

केवळ गुण सांगून दोष झाकणे हा वैद्यधर्म नव्हे. आमचे एक छपाईयंत्र लिनक्सवर चाललेच नाही. दुसरे घ्यावे लागले. तालुक्याच्या गावी लिनक्स जाणणारा कारागीर सहसा मिळत नाही. प्रणाली विनामूल्य असली, तरी आमचे तीन रविवार आणि भाच्याची सुटी तिने घेतली.

फार्मसीधारकांसाठी विशेष सूचना. टॅलीसारखे हिशेबाचे आणि औषध-वितरणाचे बहुतेक प्रचलित कार्यक्रम विंडोजसाठी बनलेले असतात. आमच्या फार्मसीचा संगणक म्हणूनच आजही विंडोजवर आहे. वाढीव अद्यतने घेऊन त्यावर केवळ हिशेब ठेवला आहे. इतर सर्व काम त्यावरून हलविले. परंतु शेड्यूल टी अन्वये ठेवावयाच्या बॅचनोंदी, कच्च्या द्रव्यांच्या परीक्षानोंदी आणि साठापुस्तक हे खुल्या स्वरूपात ठेवण्यास कोणतीही आडकाठी नाही. तपासणीच्या दिवशी 'कार्यक्रम उघडत नाही' हे उत्तर चालत नाही.

लिनक्सवर विषाणूंचा त्रास कमी आहे, अजिबात नाही असे नव्हे. वीज अवचित जाते तेथे यूपीएस कोणत्याही प्रणालीला लागतोच. आणि प्रणाली बदलली म्हणजे राखीव प्रतीची गरज संपली, असा समज कोणी करून घेऊ नये.

मोठ्यांचीही पावले चुकतात. जर्मनीतील म्युनिक नगरपालिकेने २००४ पासून सुमारे १५ हजार संगणक लिनक्सवर आणण्याचे काम हाती घेऊन २०१३ मध्ये ते पूर्ण केले. पण २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे वळण्याचा ठराव झाला. तेव्हा कोणी हा बदल न करण्याचे ठरविले, तर त्याला आम्ही दोष देणार नाही. परंतु वरील दुसरा पाद मात्र प्रत्येकाने पूर्ण करावा. विंडोजवर राहूनही तो करता येतो, त्याला खर्च नाही, आणि रुग्णाचे हित त्यातच आहे.

उपसंहार

त्या वृद्ध रुग्णा गेल्या हिवाळ्यात पुन्हा आल्या. या वेळी सून सोबत नव्हती, नातू होता. त्याला काही ठाऊक नव्हते. आम्ही संगणकावर नाव टंकले. रुग्णपत्र उघडले आणि पहिल्याच ओळीत, 'भल्लातक असात्म्य' हे शब्द स्वच्छ देवनागरीत दिसले. आमच्यानंतर या खुर्चीवर जो बसेल, त्यालाही ते कोणत्याही कंपनीला न विचारता वाचता येतील.

व्यवसायबंधूंनी आपल्या संगणकातील सर्वांत जुने रुग्णपत्र आजच उघडून पाहावे. ते उघडले तर त्याची प्रत करावी; न उघडले तर चिकित्सा कोठून सुरू करावयाची, हे सुज्ञांस सांगणे न लगे.