लालारिया : एक किनारा आणि त्याचे नाव

एजियन समुद्रातील उत्तर स्पोरादेस द्वीपसमूहात स्कियाथोस हे लहानसे ग्रीक बेट आहे. त्याच्या दक्षिण किनाऱ्यावर वाळू आणि वर्दळ, तर उत्तरेस तुटलेले पांढरे कडे. या कड्यांच्या पायथ्याशी ‘लालारिया’ हा निर्जन किनारा आहे. तेथवर रस्ता जात नाही. होडीनेच जावे लागते, आणि उन्हाळ्यात ‘मेल्तेमी’ हा उत्तरेचा वारा जोर धरील त्या दिवशी होड्याही निघत नाहीत.

होडीतून उतरणाऱ्यास तेथे वाळू सापडत नाही. पायाखाली असतात ते केवळ पांढरे, गुळगुळीत गोटे. कड्यांपासून सुटलेले तुकडे लाटांच्या घर्षणाने वाटोळे झालेले. वर चढलेल्या लाटेचे बरेचसे पाणी गोट्यांच्या फटींतून खाली झिरपते. परतणारा प्रवाह त्यामुळे दुबळा होतो, वर आलेला गोटा वरच राहतो आणि किनाऱ्याला तीव्र उतार येतो. उरलेले पाणी परतताना गोट्यांना गडगडवते, व त्यांचा आवाज कड्यांमध्ये घुमतो.

हा आवाज ऐकणाऱ्यास नावाची व्युत्पत्ती सहज सुचते. स्थानिक बोलीत ‘लालारिया’ म्हणजे असेच वाटोळे गोटे. मूळचे हे सामान्यनामच होय. ग्रीक भाषेत ‘लालेइन’ म्हणजे बडबडणे. मग हे ‘बोलणारे दगड’ का नसावेत? शिवाय इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकातील कवी थिओक्रितस याने गोट्यांसाठी ‘लाल्लाय’ हा शब्द वापरला आहे. परंतु तेथील गोटे एका झऱ्याच्या तळाशी आहेत, आणि कवीने वर्णिली आहे ती त्यांची चकाकी. आवाजाचा तेथे उल्लेख नाही. ‘लाल्लाय’ आणि ‘लालारिया’ यांचे नाते संभाव्य खरे, पण दोहोंचा ‘बडबडी’शी संबंध जोडणे हे निराळे विधान आहे आणि त्यास निराळा पुरावा हवा. मराठीत ‘खडा’ आणि ‘खडखड’ यांच्याबाबतही हाच मोह पडतो!

जुन्या ग्रीकमध्ये गोट्यासाठी ‘प्सेफोस’ हा शब्दही होता. अथेन्सच्या न्यायसभेत मत देण्यासाठी खडे वापरीत; पुढे खड्यांच्या जागी काशाच्या चकत्या आल्या, तरी शब्द टिकला. आजच्या ग्रीकमध्ये त्याचा रूढ अर्थ ‘मत’ असाच आहे. वस्तू गेली तरी शब्द अर्थ बदलून जगतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण विरळा.

लालारियाचे तसे झालेले नाही. तेथे नाव आणि वस्तू अद्याप एकत्र आहेत. मात्र येणारा प्रत्येक प्रवासी आठवण म्हणून एखादा गोटा खिशात घालू लागला, तर कडा झिजून नवा गोटा घडण्याचा वेग त्यास पुरा पडणारा नाही. म्हणूनच तेथील गोटे नेण्यास मनाई असून त्यासाठी दंड आहे. प्रवासी एकच गोटा उचलतो, आणि एका गोट्याने काय होणार, हा त्याचा युक्तिवाद त्याच्यापुरता खराही असतो. माल्टाच्या गोझो बेटावरील ‘निळी खिडकी’ ही खडकाची नैसर्गिक कमान 2017 साली वादळात कोसळली; नाव मात्र लोकांच्या तोंडी राहिले. लालारियाच्या टोकालाही अशीच एक कमान आहे. तिला ‘त्रिपिया पेत्रा’, म्हणजे भोक पडलेला खडक म्हणतात. तिच्या व्युत्पत्तीविषयी कोणाचाच मतभेद नाही.