सायकलचं शिंकं

फर्स्ट इयरला आपण सगळ्यांनीच कप्प्यांची गणितं सोडवली. पण खरोखरची कप्पी टांगायची वेळ आली तेव्हा माझी विकेटच गेली!

मुरबाड तालुक्यात सरळगावजवळ माझ्या मामाचं घर आहे. पावसाळ्यात पडवी लाकूडफाट्याने आणि खताच्या गोण्यांनी भरते. मग मामेबहिणीची सायकल जाते पागोळ्यांखाली. चेन गंजते, ब्रेक लागत नाहीत, आणि रोज शाळेला जायचं त्याच सायकलवर. म्हणून ठरवलं, सायकल गोण्यांच्या वर टांगायची. आजी म्हणाली, "म्हणजे शिंकंच की!" मी कॉन्व्हेंटवाला, मला शब्दच माहीत नव्हता. मांजरापासून दूध-दही वाचवायला आढ्याला टांगतात ते शिंकं.

शहापूरच्या बाजारातून कप्प्या, दोन हूक आणि नायलॉनची दोरी आणली. एक हूक हँडलला, दुसरा सीटखाली. प्रत्येक हुकावर एक कप्पी, वर तुळईला उरलेल्या. सायकल २० किलोची. एकच सलग दोरी दोन्ही हुकांतून फिरवली तर वजन चार पदरांवर वाटलं जातं, म्हणजे ओढायला फक्त ५ किलो. मी खूश! पण सायकल उचलताच मागचं चाक धाडकन खाली आणि हँडल वर. कारण सोपं आहे. सलग दोरीत ताण सगळीकडे सारखाच, पण कॅरियर आणि स्टँडमुळे सायकलचा मागचा भाग जड. समतोल राहणार कसा?

उपाय म्हणजे दोन वेगळ्या दोऱ्या, प्रत्येक हुकाला एक. सायकल सरळ धरून दोन्हींची टोकं एकत्र बांधायची. आता ओढायला १० किलो, घर्षणामुळे थोडं जास्तच. सव्वा मीटर उचलायला अडीच मीटर दोरी ओढावी लागते. पण दोन्ही टोकं बरोबर वर जातात.

आणखी तीन गोष्टी. कप्प्या कौलांखालच्या बारीक वाशांना नाही, तुळईलाच लावाव्यात. स्क्रूआधी बारीक भोक पाडावं, नाहीतर लाकूड चिरतं. आणि दोरी एका खिळ्याला न गुंडाळता भिंतीतल्या दुतोंडी खुंटीवर इंग्रजी आठच्या आकड्यासारखे वेढे देऊन बांधावी. उतरवताना दोरी हातातून सोडायची नाही, हात बदलत बदलत द्यायची. दोरीचा झिजलेला भाग दिसला की दोरी बदलायची. शिंक्याचं तुटलं तर बोक्याचं फावतं. इथे मात्र खालच्याचं डोकं फुटेल!

सातवीतली बहीण आता एकटी सायकल वर चढवते. तिच्याकडे बघून पटलं, कागदावर ५ किलोचं उत्तर भारी होतं, पण तिच्या कामाचं १० किलोचंच.

होस्टेलच्या व्हरांड्यात कुणाला करायचं असेल तर स्लॅबला अँकर बोल्ट लागेल. भोक पाडण्याआधी रेक्टर सरांना विचारा. माझं नाव मात्र सांगू नका!