ई-सायकलची तार तुटली? जाड नको, बरोबर मापाची तार शोधा

लखनौच्या दक्षिणेला, रायबरेली रोडलगत वृंदावन योजना ही आवास विकास परिषदेची मोठी वसाहत आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये इथेच डिफेन्स एक्स्पो भरला होता, त्यामुळे हे नाव तुम्ही कदाचित ऐकलेही असेल. रुंद रस्ते, दूरवर पसरलेले सेक्टर आणि जवळच पीजीआय रुग्णालय. लखनौची मेट्रो विमानतळाकडून मुन्शी पुलियाकडे जाते, या बाजूला येत नाही. अशा ठिकाणी क्लास, भाजी, ड्युटी अशा दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांसाठी ई-सायकल फार सोयीची पडते.

पण एक दिवस मागच्या चाकातून ‘टिंग’ असा आवाज येतो आणि चाक डुलू लागते. मोटारच्या चाकाची एक तार तुटलेली असते. जवळच्या सायकलवाल्याकडे त्या मापाची तार नसते. मग सल्ला मिळतो, ‘एका तारेने काय होते, चालवा तशीच’ किंवा ‘पूर्ण चाकच बदला.’ पहिला सल्ला धोक्याचा आहे आणि दुसरा खिशाला जड. तुम्ही लखनौत राहत असा की पुण्या-नागपुरात, या दोन्हींच्या मधला मार्ग नक्की आहे.

नेहमीची तार का बसत नाही?

साध्या सायकलचा हब मुठीत मावतो. हब मोटार मात्र थाळीसारखी रुंद असते. चाकाच्या मध्यभागी एवढी मोठी वस्तू आली की रिमपर्यंतचे अंतर कमी होते, म्हणून तारही आखूड लागते.

एक उदाहरण पाहा. २६ इंची चाकाच्या एका रिममध्ये साध्या हबला सुमारे २६० मिमीची तार लागते असे समजा. त्याच रिममध्ये, तारांच्या भोकांचे वर्तुळ १३० मिमी असलेली मोटार बसवली, तर तार साधारण २१० मिमीची लागेल. फरक थेट पाच सेंटिमीटरचा! दुकानात टांगलेल्या जुडीत हे माप का सापडत नाही, ते यावरून कळेल.

तार तुटते ती बारीक असल्यामुळेच का?

बहुतेकांना तसेच वाटते आणि ते सर्वात जाड तार मागतात. इथेच गडबड होते. सायकलचे चाक तारांच्या ताणावर उभे असते. चाक फिरताना खालच्या तारांचा ताण किंचित कमी होतो आणि त्या वर गेल्या की पुन्हा भरून येतो. तार पुरेशी ताणलेली असेल, तर हा फरक ती सहज सोसते. सैल असेल, तर प्रत्येक फेरीला ती ढिली पडते, पुन्हा ओढली जाते आणि हबजवळच्या वाकणात हळूहळू थकून तुटते. लोखंडी तार हाताने पुन्हा पुन्हा वाकवून तोडतो, तसाच हा प्रकार. ई-सायकलमध्ये त्यात मोटारचे वजन आणि तिच्या ओढीची भर पडते.

जाड तार त्याच ताणाला कमी लांबते, त्यामुळे खड्ड्यात तिचा ताण लवकर संपतो. शिवाय ती हबच्या भोकात आणि निपलमध्ये नीट वळत नाही. म्हणून आधीची तार जेवढ्या जाडीची होती, तेवढीच घ्या. गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते, हे लक्षात ठेवा. १४ गेज म्हणजे सुमारे २ मिमी, १३ गेज २.३ मिमी आणि १२ गेज २.६ मिमी. मोटरसायकलच्या तारा तर या कामाला वापरूच नका.

तुटलेला तुकडा काय सांगतो?

* वाकणापाशी तुटली असेल, तर चाक बहुधा सैल होते.
* निपलजवळ आट्यांपाशी तुटली असेल, तर तार रिममध्ये तिरकी शिरत असावी. मोठ्या मोटारला तारा एकमेकींवरून तीनदा ओलांडून विणल्या की असे होते. अशा चाकात एकदाच ओलांडलेली वीण बरी.
* उजवीकडच्या तारांवर हबजवळ ओरखडे असतील, तर साखळी आत पडून त्यांना घासली आहे. आधी गिअर नीट करून घ्या.

माप कसे घ्यावे?

तुटलेले दोन्ही तुकडे टाकू नका. ते जोडून सरळ ठेवा आणि वाकणाच्या आतल्या कडेपासून आट्यांच्या टोकापर्यंत मोजा. तुकडा हरवला असेल, तर त्याच बाजूची एक चांगली तार काढून मोजा. बाजू महत्त्वाची, कारण मागच्या चाकात डाव्या-उजव्या तारांची लांबी वेगळी असू शकते. जाडी व्हर्नियरने मोजा.

माप एक-दोन मिमीच्या आत जुळले पाहिजे. तार लांब झाली तर टोक वर येऊन ट्यूबला टोचते. आखूड झाली तर निपल मोजक्या आट्यांवर लटकते आणि निसटते.

तार कुठे शोधावी?

आधी सायकल कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा. तिथे नसेल तर तार कापून आटे पाडून देणारे मशीन असलेला सायकलवाला शोधा. आटे दाबून पाडणारे मशीन असेल तर उत्तम, कारण कोरून काढलेल्या आट्यांपाशी तार कमकुवत होते. सायकलच्या सुट्या भागांचे देशातले मोठे केंद्र लुधियाना आहे, तिथूनही मापानुसार तारा मागवता येतात. लखनौत दुकानदाराशी बोलताना ‘तीली’ म्हणा, ‘तार’ म्हटले तर तो ब्रेकची वायर पुढे करेल! आणि एक नाही, चार-सहा तारा निपलसकट घेऊन ठेवा.

बसवताना हा क्रम पाळा

१. बॅटरी काढा. मोटारच्या वायरची पिन सोडवा. नट-वॉशर कोणत्या क्रमाने निघाले, त्याचा मोबाइलवर फोटो काढा.

२. चाक, टायर, ट्यूब आणि रिमपट्टी काढा. भोक फ्रीव्हील किंवा डिस्कच्या आड असेल, तर आधी ते काढावे लागेल. मोटार उघडायची गरज नाही.

३. जुन्या तारेचे डोके ज्या बाजूला होते, त्याच बाजूने नवी तार घाला. शेजारच्या तारा पाहून तशीच वीण ठेवा.

४. निपल आधी हाताने फिरवा, मग निपल चावीने अर्धा-अर्धा फेरा कसा. टायरच्या बाजूने पाहिल्यास घड्याळाच्या दिशेने फिरवले की तार ताणली जाते.

५. त्याच बाजूच्या इतर तारांना बोटाने छेडून आवाज ऐका. नव्या तारेचा सूर त्यांच्याशी जुळला की ताणही जुळला.

६. आता चाकाचा आउट काढा. रिम उजवीकडे झुकत असेल, तर तिथली डावी तार पाव फेरा कसा आणि उजवी तेवढीच सैल करा. घाई नको.

७. तारेचे टोक वर आले असेल तर कानशीने घासा. रिमपट्टी पुन्हा बसवा.

चाक परत लावताना जीभ असलेला वॉशर फ्रेमच्या खाचेतच बसला पाहिजे. तो चुकला तर मोटारच्या जोराने आसच फिरतो आणि वायर पिळवटून तुटते. वायर आधी खाली झुकवून मग वर न्या, म्हणजे पावसाचे पाणी तिच्यावरून मोटारमध्ये जाणार नाही. पहिल्या पन्नासेक किलोमीटरनंतर सगळ्या तारा पुन्हा तपासा.

मेकॅनिककडे कधी जावे?

एका पाठोपाठ तीन-चार तारा तुटल्या असतील किंवा रिमच्या भोकांभोवती चिरा दिसत असतील, तर एक-एक तार बदलत बसू नका. बाकीच्या ताराही थकलेल्या असतात. रिम चिरली असेल तर ती बदलून आणि तारा सगळ्या नव्या घालून चाक अनुभवी हाताकडून पुन्हा विणून घ्या. मोटार तीच राहते, त्यामुळे पूर्ण चाक बदलण्यापेक्षा हे स्वस्तच पडते.

आणि तुटलेल्या तारेवर ‘आजचा दिवस चालेल’ असे म्हणू नका. तिचा भार शेजारच्या तारांवर पडतो आणि मग त्या तुटतात. मागच्या सीटवर मूल बसणार असेल, तर तार बसेपर्यंत सायकल घरीच ठेवा.